गाडीसाठी डीएम पाणी: कुठे लागतंच, कुठे नाही, आणि कमी खर्चात कसं मिळवायचं

गाडीच्या हँडबुकात बॅटरी आणि रेडिएटरच्या पानांवर एक सूचना हमखास असते: नळाचं पाणी घालू नका, डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड पाणीच घाला. ते आणायला गेलं की समोर ‘बॅटरी वॉटर’, ‘डिस्टिल्ड वॉटर’, ‘डीआय वॉटर’, वाफेच्या इस्त्रीचं पाणी असे कॅन दिसतात. दिसायला सगळं सारखंच, भावात मात्र बराच फरक. शिवाय घरात आरओ आहे, एसीच्या नळीतून फुकटचं पाणी टपकतंय, मग पाण्याला वेगळे पैसे कशाला मोजायचे, हा प्रश्न पडतोच. तो रास्तही आहे.

गाडीत पाणी तीन-चार ठिकाणी लागतं आणि प्रत्येक ठिकाणी सारख्याच शुद्धतेचं लागत नाही. कुठे किती शुद्ध हवं, हे बरंचसं एकाच गोष्टीवरून ठरतं: तिथलं पाणी उडून जातं का, आणि गेलेल्या पाण्याच्या जागी आपण पुन्हा भरत राहतो का?

## डीएम पाणी म्हणजे काय

जमिनीतून, खडकांतून वाहताना पाणी वाटेतले क्षार विरघळवून सोबत घेतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट ही त्यातली मुख्य मंडळी. एक लिटर पाण्यात असे विरघळलेले पदार्थ एकूण किती मिलिग्रॅम आहेत, तो आकडा म्हणजे टीडीएस. पीपीएम म्हणतात तेही व्यवहारात हेच.

हे क्षार जवळजवळ पूर्ण काढून टाकलेलं पाणी म्हणजे डिमिनरलाइज्ड, बोलीत डीएम पाणी. डीआय म्हणजे डीआयोनाइज्ड. नाव वेगळं असलं तरी आपल्या कामापुरती वस्तू तीच. डिस्टिल्ड पाणी वेगळ्या वाटेनं बनतं. पाणी उकळून वाफ करायची आणि वाफ थंड करून पुन्हा पाणी करायचं. क्षार मागे भांड्यात राहतात. गाडीसाठी दोन्ही सारखीच चांगली. जे स्वस्त आणि खात्रीचं मिळेल ते घ्यावं.

डीएम पाणी बनवण्याची रीत मला फार सुंदर वाटते. त्यासाठी रेझिनचे बारीक मणी वापरतात. एका प्रकारचे मणी कॅल्शियम, सोडियमसारखे धन भाराचे कण धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजनचे कण सोडतात. दुसऱ्या प्रकारचे मणी क्लोराइड, सल्फेटसारखे ऋण भाराचे कण धरतात आणि हायड्रॉक्साइडचे सोडतात. हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड भेटले की त्यांचं पाणीच होतं. म्हणजे क्षार गेले आणि त्यांच्या जागी पाणी आलं. अशी कृत्रिम रेझिन इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी १९३५ साली तयार केली. आज प्रयोगशाळांपासून वीजकेंद्रांच्या बॉयलरपर्यंत सगळीकडे हीच पद्धत चालते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. घरात किंवा इमारतीत बसवलेल्या वॉटर सॉफ्टनरमधून येणारं पाणी डीएम नसतं. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढतो, पण त्यांच्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस चांगला येतो, नळावर पांढरे थर बसत नाहीत, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. बॅटरीच्या दृष्टीनं ते नळाचंच पाणी.

## पाणी उडतं, क्षार तिथेच राहतात

मिठागरात समुद्राचं पाणी वाफ्यात घेतात. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पुन्हा पाणी घेतलं की पुन्हा थोडं मीठ. प्रत्येक खेपेचं पाणी हवेत जातं, पण मीठ साठतच जातं. गाडीतल्या ज्या भागातून पाणी उडतं आणि आपण वरून भरत राहतो, तिथे नेमकं हेच घडतं.

आकड्यांत बघू. ५०० टीडीएसचं एक लिटर पाणी उडून गेलं की मागे अर्धा ग्रॅम क्षार उरतात. तेच पाणी ५ टीडीएसचं असेल तर उरतात ५ मिलिग्रॅम, म्हणजे शंभरपट कमी. एका वेळचा अर्धा ग्रॅम किरकोळ वाटेल, पण तो बाहेर काढायला वाट नाही आणि पुढच्या प्रत्येक भरण्याला त्यात भर पडणार आहे.

## बॅटरी: इथे तडजोड नको

लेड-अ‍ॅसिड बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच संशोधकानं १८५९ साली बनवली आणि तिचं मूळ रसायन आजही तेच आहे. शिशाच्या प्लेटी आणि सल्फ्युरिक आम्लाचं पाण्यातलं द्रावण. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात, बारा व्होल्टच्या बॅटरीत साधारण १४.४ व्होल्टच्या पुढे, पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. उष्णतेनंही थोडं पाणी उडतं. आम्ल मात्र आतच राहतं. म्हणूनच पातळी उतरली की फक्त पाणी घालायचं असतं, आम्ल कधीच नाही. बॅटरी सांडून आम्लच बाहेर गेलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते काम जाणकाराकडे द्यावं.

पाणी जातं आणि आपण भरतो, म्हणजे मिठागराची स्थिती तंतोतंत. त्यातही काही अशुद्धी खास त्रासदायक आहेत. लोह सर्वांत वाईट. त्याचे कण एका प्लेटवर इलेक्ट्रॉन गमावतात, दुसऱ्या प्लेटवर पुन्हा मूळ रूपात येतात, आणि अशा येरझाऱ्या घालत गाडी उभी असतानाही बॅटरीचा चार्ज खात राहतात. तांबंही बॅटरी आतल्या आत उतरवतं. क्लोराइड शिशाच्या जाळीला गंजवतं.

पाणी चार्जिंग झाल्यावर भरावं, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरलेलं आम्लासकट बाहेर येतं. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील इतकंच घालून चार्ज करावं आणि मग उरलेलं भरावं. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे, आणि आसपास काडी किंवा सिगारेट नाही. हवेत चार टक्के हायड्रोजन जमला तरी तो पेट घेऊ शकतो.

पाणी विकत घेण्याआधी एवढं जरूर बघा की तुमच्या बॅटरीला पाणी लागतं का. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मेंटेनन्स-फ्री बॅटरी असते. तिच्या जाळीत कॅल्शियमचा मिश्रधातू असल्यानं पाणी फारच कमी उडतं आणि वर झाकणंच नसतात. एजीएम बॅटरीत (हिच्यात आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) तर तयार झालेले वायू आतच जुळून पुन्हा पाणी होतात. ती उघडायची नसतेच. अशी बॅटरी असेल तर तुमची डीएम पाण्याची गरज तिथेच निम्म्यावर येते.

## कूलंट: एकदाच भरायचं, पण विचारानं

रेडिएटरचा मामला वेगळा आहे. कूलंटचं चक्र बंद असतं, त्यातून पाणी फारसं उडत नाही. म्हणजे क्षार आले तरी पहिल्या भरण्याबरोबर एकदाच येतात. तरीही डीएम पाणी का? कारण आत गरम असतं आणि अ‍ॅल्युमिनियम असतं.

जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं कार्बोनेट होतं आणि ते सर्वांत गरम पृष्ठभागावर पांढऱ्या थरासारखं बसतं, म्हणजे नेमकं इंजिनच्या त्या भागात जिथली उष्णता सर्वांत आधी काढायला हवी. धातूच्या मानानं हा थर उष्णता फार कमी वाहून नेतो. क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. आणि कूलंटमध्ये गंज रोखायला घातलेली फॉस्फेट किंवा सिलिकेट यांसारखी रसायनं कॅल्शियमशी मिळून साक्यासारखी खाली बसतात, म्हणजे ज्यासाठी पैसे दिले तेच निकामी. युरोपातल्या कार कंपन्या फॉस्फेटचं कूलंट टाळत आल्या, त्यामागे तिथलं जड पाणी हेच मोठं कारण.

पैसे वाचवायची सर्वांत चांगली जागा हीच आहे. कूलंट दोन प्रकारे मिळतं: तयार मिसळलेलं आणि पाणी न मिसळलेलं, म्हणजे कॉन्सन्ट्रेट. तयार कूलंटचा साधारण अर्धा भाग पाणी असतो आणि त्या पाण्यालाही आपण कूलंटचा भाव देतो. कॉन्सन्ट्रेट घेऊन घरी डीएम पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं तर तेच मिश्रण बरंच स्वस्तात पडतं. इथिलीन ग्लायकॉल हा कूलंटमधला नेहमीचा मुख्य घटक; त्याचं असं मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. ‘जास्त कूलंट म्हणजे जास्त चांगलं’ असं मात्र नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांजवळच गोठतं आणि त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याहून बरीच कमी असते. हँडबुकात सांगितलेलाच प्रकार घ्यावा. रंगावरून प्रकार ठरवू नये, कारण रंग प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीनं घालतो. लेबलवर ‘रेडी टू यूज’ आहे का, तेही नीट वाचावं. तयार कूलंटमध्ये पुन्हा तेवढंच पाणी घातलं तर संरक्षण निम्मं होतं.

आणखी एक बारकावा, जो बरेच जण विसरतात. खालची नळी काढून कूलंट सोडलं तरी इंजिनच्या आत आणि हीटरमध्ये बराच द्रव उरतो. नळाच्या पाण्यानं धुतलं असेल तर उरतं ते नळाचं पाणी. म्हणून शेवटची धुलाई डीएम पाण्यानं करावी. मग एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओतावं आणि वरची जागा डीएम पाण्यानं भरावी. उलट केलं तर आत उरलेल्या पाण्यामुळे मिश्रण पातळ होतं. हे सगळं इंजिन पूर्ण थंड असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे तोंडावर उकळता फवारा घेणं.

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीच्या कूलंटला यातलं काहीही लागू करू नका. काही गाड्यांत वीज न वाहणारं खास कूलंट असतं, तिथे कंपनी सांगेल तेच. डिझेल गाडीत घालायचा युरियाचा द्रवही डीएम पाण्यातच बनतो, पण त्याचं प्रमाण ३२.५ टक्के असं ठरलेलं असतं. त्यात पाणी मिसळून तो वाढवायचा प्रयत्न नको.

## काच आणि रंग: थोडे क्षार असले तरी चालतं

वायपरच्या टाकीतलं पाणी काचेवर पडून उडतं आणि क्षार काचेवर, वायपरच्या रबरावर आणि फवाऱ्याच्या बारीक भोकात राहतात. पण ते पुसले जातात, साठत नाहीत. इथे आरओचं पाणी पुरेसं आहे. नुसतं पाणी मात्र ठेवू नये. काच धुवायचा द्रव त्यात मिसळावा. साध्या, कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात, आणि डीएम पाण्यात तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही नसतं.

गाडी धुतल्यावर उन्हात पांढरे ठिपके पडतात, तेही क्षारच. धुतल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी राहिलं आणि ते ४०० टीडीएसचं असेल तर १०० मिलिग्रॅम पांढरी पूड रंगावर वाळते. त्यासाठी अख्खी गाडी डीएम पाण्यानं धुवायची गरज नाही. नळाच्या पाण्यानं धुवावं आणि शेवटी बाटलीनं किंवा फवाऱ्यानं काही लिटर डीएम पाणी वरून फिरवावं. सावलीत धुऊन लगेच कोरडं पुसलं तर तेही लागत नाही.

## ‘मग आरओचं, एसीचं, पावसाचं पाणी का नको?’

आरओचा पडदा बहुतेक क्षार अडवतो, सगळे नाही. त्यातून पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून अनेक घरगुती यंत्रांत थोडं न गाळलेलं पाणी किंवा खनिजं परत मिसळतात. त्यामुळे बाहेर येणारं पाणी अनेकदा ३० ते १०० टीडीएसचं असतं. प्यायला उत्तम, वायपरला उत्तम, बॅटरीला नाही.

एसीचं पाणी हवेतल्या बाष्पापासून बनतं, त्यामुळे त्यात क्षार फार कमी असतात. पण ते तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवरून, धूळ आणि शेवाळ असलेल्या तबकातून येतं. बॅटरीला तांबं चालत नाही हे वर आलंच आहे. गाडीची शेवटची धुलाई करायला हे पाणी कापडातून गाळून खुशाल वापरा. पावसाच्या पाण्याचंही तसंच. ढगातून येताना ते चांगलंच शुद्ध असतं, छपरावरून येताना नाही.

उकळून गार केलेलं पाणी हा सर्वांत फसवा पर्याय. उकळल्यानं जंतू मरतात आणि थोडा जडपणा खाली बसतो, पण पाणी आटतं तसे बाकीचे क्षार उलट दाट होतात. कोळशाच्या फिल्टरनं वास आणि क्लोरीन जातं, क्षार नाही. बाटलीबंद मिनरल वॉटरमध्ये तर खनिजं असतातच.

## टीडीएस मीटरवर किती विश्वास ठेवायचा

पेनाएवढा टीडीएस मीटर या सगळ्या व्यवहारात उपयोगी पडतो आणि तो एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. तो क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला सरासरी अर्ध्याच्या आसपासच्या गुणकानं गुणून टीडीएस दाखवतो. प्रयोगशाळेच्या पाण्याचं आयएसओ ३६९६ हे मानक तिसऱ्या दर्जाच्या पाण्याला २५ अंश सेल्सिअसला सेंटिमीटरमागे ५ मायक्रोसीमेन्सपर्यंत वाहकता चालवून घेतं. घरच्या मीटरवर ते २-३ पीपीएम दिसेल. बॅटरीसाठी विकत घेतलेल्या पाण्याचा आकडा या आसपास असावा. १०-१५ च्या वर गेला तर तो कॅन वायपरच्या टाकीसाठी ठेवा.

मीटरला जे दिसत नाही तेही माहीत असावं. सेंद्रिय घाण, तेल, साबणातले काही घटक आणि बरीचशी सिलिका वीज वाहत नाहीत, त्यामुळे ते असले तरी आकडा शून्याजवळ राहू शकतो. म्हणून मीटर फक्त एवढंच नक्की सांगतो की पाणी वाईट आहे. ते चांगलं आहे, हे मीटरसोबत पाणी कुठून आलं यावरून ठरवायचं. इस्त्रीच्या पाण्यात सुगंध मिसळलेला असेल तर तो मीटरवर कदाचित दिसणार नाही, पण बॅटरीत नको.

## कमी खर्चात कसं मिळवायचं

आधी गरज मोजा. लहान गाडीच्या कूलंट चक्रात साधारण ४ ते ७ लिटर मावतं, त्यातलं निम्मं पाणी, आणि ते काही वर्षांतून एकदा. बॅटरीला लागलंच तर वर्षाला फार तर एखाद-दोन लिटर. म्हणजे बहुतेकांना एक-दोन मोठे कॅन पुरतात.

लहान बाटलीत आपण पाण्यापेक्षा बाटली, लेबल आणि वाहतुकीलाच जास्त पैसे देतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझं, आणि ते लांबून आणलं तर भाव चढणारच. म्हणून जवळच भरलेला, मोठ्या मापाचा, सीलबंद कॅन प्रति लिटर सर्वांत स्वस्त पडतो. लेबलवर डीएम, डीआय किंवा डिस्टिल्ड असं स्पष्ट लिहिलेलं, शक्य तर वाहकतेचा आकडा आणि भरल्याची तारीख दिलेली असावी. ‘शुद्ध’, ‘फिल्टर्ड’ एवढ्यावर घेऊ नये. सुटं मिळत असेल तर स्वतःचा स्वच्छ प्लॅस्टिकचा कॅन न्यावा आणि तिथेच मीटर बुडवून बघावा. महागड्या ब्रँडचं पाणी घेऊन बॅटरीला जास्तीचा काही फायदा होत नाही.

घरी डिस्टिल करायचं म्हटलं तर एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे पाऊण युनिट वीज लागते. आपल्या विजेच्या दरानं गुणून पाहा; यंत्राची किंमत धरली तर एका गाडीसाठी हे क्वचितच परवडतं.

रेझिनची नळकांडी तेव्हाच घ्यावी जेव्हा गाडी नेहमी घरी धुता आणि ठिपक्यांचा खरोखर वैताग आहे. ढोबळ हिशेब असा: एक लिटर मिश्र रेझिन (दोन्ही प्रकारचे मणी एकत्र) २०० टीडीएसचं साधारण शंभर-सव्वाशे लिटर पाणी शुद्ध करतं. पाणी ४०० टीडीएसचं असेल तर त्याच्या निम्मं. आधी आरओमधून काढून २० टीडीएसवर आणलं तर तेच रेझिन दहापट पुरतं. ज्यांच्याकडे खनिजं न मिसळणारा आरओ आहे त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला.

## ‘आम्ही तर कायम नळाचंच पाणी घालत आलोय’

हे खोटं नसतं. काही ठिकाणी नळाचं पाणी मुळात मऊ असतं आणि तिथे फरक हळू दिसतो. काही कूलंटवर ठरावीक जडपणापर्यंत नळाचं पाणी चालेल असं लिहिलेलंही असतं. शिवाय जुन्या इंजिनांत बिडाचे जाड भाग आणि तांब्या-पितळेचे रेडिएटर असत. आजच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक वाटांइतके ते नाजूक नव्हते. वाटेत कूलंट संपून इंजिन तापत असेल तर इंजिन थंड होऊ द्यावं आणि मिळेल ते स्वच्छ पाणी घालावं. तापलेलं इंजिन दामटणं त्याहून कितीतरी महागात पडतं. घरी आल्यावर मात्र ते बदलून घ्यावं.

याच्या उलट टोकाचा आक्षेपही ऐकू येतो: अति शुद्ध पाणी ‘भुकेलेलं’ असतं आणि धातू खातं. यात तथ्य आहे. डीएम पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं, आणि ते सावरायला त्यात काहीच नसतं. म्हणूनच रेडिएटरमध्ये नुसतं डीएम पाणी कधी चालवू नये. कूलंट मिसळलं की त्यातली रसायनं आम्लता आवरतात आणि धातूवर संरक्षक थर धरतात. बॅटरीत तर आधीच तीव्र आम्ल आहे, तिथे या किंचित आम्लतेला काही अर्थ नाही.

## उघडलेला कॅन

उघडल्यावर मीटरचा आकडा एखाद-दोननं वाढला तर तो बहुतेक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. गाडीच्या कामाला ते पाणी चालतं. धूळ आणि धातू मात्र जाऊ देऊ नका. लोखंडी डबा, पत्र्याचं नरसाळं, आधी कूलंट किंवा तेल ओतलेलं भांडं यांपैकी काहीही त्या पाण्याला लागू नये. प्लॅस्टिकचं एक नरसाळं फक्त यासाठी वेगळं ठेवावं, आणि काढलेलं उरलंसुरलं पाणी पुन्हा कॅनमध्ये ओतू नये. बॅटरीसाठी भरलेलं पाणी पिण्याच्या निकषांवर भरलेलं नसतं, म्हणून ते पिण्याच्या बाटलीत काढायचं नाही. कूलंट तर अजिबातच नाही. ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात विषारी असतं, आणि मुलं किंवा पाळीव प्राणी ते सहज चाटतात. काढलेलं जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये नाव लिहून ठेवावं आणि गटारात न ओतता ते स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावं.